छंदाच्या रकान्यात 'गेमिंग' लिहू का?

जून उजाडला की माझ्या दुकानात बायोडाटा करून घेणाऱ्यांची रीघ लागते. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं डीटीपी-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. पोरं मोबाइलमध्ये मित्राचा बायोडाटा घेऊन येतात आणि म्हणतात, 'काका, हाच घ्या, फक्त नाव बदला.' नाव बदलतं, पत्ता बदलतो, टक्के बदलतात. छंदाची ओळ तेवढी तशीच राहते: वाचन, गाणी ऐकणे, क्रिकेट. ही ओळ मी झोपेतसुद्धा टाइप करीन. एकदा एकाला सहज विचारलं, 'शेवटचं काय वाचलंस रे?' तर म्हणाला, 'हॉल तिकीट.'

परवा आलेला मुलगा मात्र त्या ओळीपाशी येऊन अडला. अशोक चौकाकडचा, वडील यंत्रमागावर, घरी तेलुगू. बीकॉम झालेला. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅचची जागा होती, तिथे अर्ज करायचा होता. म्हणाला, 'काका, गेमिंग लिहू का? बाबा म्हणलालेत लिहू नको, पोरगं वाया गेलंय असं वाटंल.'

दुकान टाकण्याआधी मी चार वर्षं अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. भरती असली की साहेबांच्या शेजारी बसायचो, एकेक बायोडाटा त्यांच्यापुढे सरकवायचो. त्यामुळे टेबलाची ती बाजूही थोडीफार पाहिलेली आहे. त्या मुलाच्या बाबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण 'लिहू नको' हे उत्तरही पुरत नाही. त्याला त्या दिवशी जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर मांडतो.

मुळात छंदाच्या ओळीवर कुणी नोकरी देत नाही. ती ओळ म्हणजे समोरच्याच्या हातात तुम्ही स्वतः ठेवलेला प्रश्न असतो. तो विचारला जावा असं वाटत असेल तर लिहायचं, नाहीतर ती जागा कोरी ठेवली तरी चालते. कोऱ्या रकान्यामुळे कुणाला घरी पाठवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आधी बघा, ती ओळ कुणी वाचणार आहे का

अर्धी चिंता इथेच मिटते. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, इंजिनिअरिंगची सीईटी आणि कॅप राउंड, आयटीआय, पॉलिटेक्निक, सगळं गुणांवर चालतं. तिथे तुम्ही बुद्धिबळ खेळता की बीजीएमआयसारखा मोबाइल गेम, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पोलिस भरतीत मैदान आणि लेखी. बँकेच्या क्लार्कच्या भरतीत तर मुलाखतच नसते.

वाचली जाते ती पुढच्या ठिकाणी. कॉलेजात कॅम्पसला आलेल्या कंपनीची एचआर फेरी. खासगी कारखाने, शोरूम, हॉस्पिटल, जिथे मालक किंवा मॅनेजर स्वतः पाच-दहा मिनिटं बोलतो. एमबीएच्या प्रवेशाची मुलाखत. यूपीएससीचा सविस्तर अर्ज, ज्यात छंद विचारलेले असतात आणि २७५ गुणांच्या मुलाखतीत त्यावर हमखास बोललं जातं. सैन्यातल्या अधिकारीपदाच्या निवडीची एसएसबी मुलाखत. आणि परदेशी विद्यापीठांचे अर्ज. तुमचा अर्ज यांपैकी कशात बसत नसेल, तर हा लेख इथेच सोडून अभ्यासाला लागलात तरी माझी हरकत नाही.

ऑनलाइन जॉब पोर्टलवर अर्ज टाकणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे पहिली चाळणी बहुतेकदा सॉफ्टवेअर करतं आणि ते कौशल्यं, शिक्षण, अनुभव यांतले शब्द शोधतं. छंदाची ओळ उपयोगी पडलीच तर त्यापुढे, माणसाच्या हातात कागद गेल्यावर.

कुठला खेळ, त्याचं खरं नाव काय

आपल्याकडे मोबाइल आडवा धरलेला पोरगा दिसला की बघणारा म्हणतो, 'पब्जी खेळलालाय.' मग तो लुडो का खेळत असेना. मुलाखत घेणाराही याच गावात राहतो, त्याच्या डोक्यातही हेच असतं. म्हणून नुसतं 'गेमिंग' लिहिलंत की त्याला हवं ते तो त्यात भरतो.

नाव नेमकं लिहा, आणि त्या नावाचा इतिहास माहीत करून घ्या. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होतं. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतासाठीची आवृत्ती बीजीएमआय म्हणून आली. जुलै २०२२ मध्ये तीही प्ले स्टोअरवरून उतरवली गेली आणि मे २०२३ मध्ये परत आली. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, तेव्हा फ्री फायर मॅक्स मात्र सुटलं. आता एखाद्यानं लिहिलं की 'पब्जी मोबाइल, गेली पाच वर्षं सलग', तर त्याचा सरळ अर्थ होतो की बंदी असताना हा कुठूनतरी मिळवून खेळत होता. तुमच्या मनात तसं काही नसेल, पण लेखी तसं दिसतं.

पैसे लावून खेळायचे खेळ, म्हणजे ऑनलाइन रमी, तीन पत्ती, पैसे भरून टीम लावायचं फँटसी क्रिकेट, हे अजिबात लिहू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमना, त्यापासून वेगळं काढलं. कायदा नव्हता तेव्हाही ही ओळ महागच पडायची. आमच्या कारखान्यात कॅशिअरच्या जागेसाठी आलेल्या एकानं आवडीत 'पत्ते' लिहिलं होतं. बिचारा घरात बसून झब्बू खेळत असेल. साहेबांनी पान उलटलंच नाही.

बुद्धिबळवाल्यांचं सोपं असतं, कारण तो खेळ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ चा महिला विश्वचषक जिंकल्यावर तर कारखान्याचा मालकही दोन शब्द बोलतो. फक्त रेटिंग लिहिताना जपा. चेस डॉट कॉम किंवा लीचेस या साईटवरचं रेटिंग वेगळं आणि फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं, वेगळं. मार्च २०२४ पासून फिडेच्या यादीत १४०० च्या खालचं रेटिंगच नसतं. त्यामुळे 'फिडे ११५०' असं आज कुणी लिहिलं, तर बुद्धिबळ जाणणारा माणूस तिथेच पकडतो. ऑनलाइन रेटिंग असेल तर 'ऑनलाइन रॅपिड' असं साईटच्या नावासकट लिहावं. त्यात कमीपणा काही नाही.

कागद घ्या आणि खेळण्याव्यतिरिक्त काय केलं ते लिहा

हे काम घरी करायचं. दुकानात माझ्यासमोर बसून होत नाही, मागे रांग असते.

एका कोऱ्या पानावर खेळाचं नाव टाका आणि त्याखाली फक्त क्रियापदं लिहा. खेळलो, जिंकलो, हरलो ही तीन सोडून. शिकवलं का कुणाला? भरवलं का काही? बनवलं, जोडलं, दुरुस्त केलं, हिशेब ठेवला, भांडण सोडवलं, व्हिडिओ कापला, भाषांतर केलं? ज्या क्रियापदापुढे तुम्हाला एखादा प्रसंग आठवतो ते ठेवा. बाकीची खोडा.

तो अशोक चौकाकडचा मुलगा सुरुवातीला म्हणाला, 'मी तर नुसता खेळतो, काका.' मी विचारत गेलो. मग निघालं की संक्रांतीच्या सुट्टीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या दिवसांत, त्यानं आणि दोन मित्रांनी मिळून गल्लीत बीजीएमआयची स्पर्धा घेतली होती. १६ संघ, प्रत्येकी चौघे, म्हणजे ६४ पोरं. तीन दिवस, रोज दोन सामने. प्रवेश फी ठेवली नाही. बक्षीस म्हणून जिंकणाऱ्या चौघांना मामाच्या दुकानातून चार सोलापुरी चादरी. (हे ऐकून मी हसलो, पण मनात म्हटलं, मोबाइलच्या स्पर्धेला चादर देणारं गाव दुसरीकडे सापडायचं नाही.)

गुणतक्ता त्यानं एक्सेलमध्ये केला होता. पहिल्या नंबराला १० गुण, मारलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला १, बेरीज आपोआप. नियम व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मराठीत टाकले आणि तेच तेलुगूत बोलून व्हॉइस मेसेज पाठवला, कारण निम्म्या पोरांच्या घरी तेलुगूच. एका संघानं ऐनवेळी आपला कच्चा गडी बाहेर काढून त्याच्या जागी बाहेरचा पट्टीचा खेळाडू घुसवला, त्यावरून राडा झाला. यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले होते. ते ग्रुपवर टाकले, संघ बाद झाला, वाद तिथल्या तिथे मिटला. तिसऱ्या दिवशी एका बोळातली लाइट गेली, तीन संघांचं वायफाय गेलं. त्यावरचा नियमही आधी ठरलेला होता: चारांपेक्षा जास्त संघ तुटले तरच सामना पुन्हा. तीनच तुटले होते, सामना पुढे चालू. त्यावरून त्याचा सख्खा चुलतभाऊ त्याच्याशी दोन आठवडे बोलला नाही.

मी त्याला म्हटलं, अरे, डिस्पॅचमध्ये दुसरं काय असतं? गाडी वेळेवर लावायची, माल मोजायचा, नोंद ठेवायची, तेलंगणातून आलेल्या ड्रायव्हरशी त्याच्या भाषेत बोलायचं आणि गाठोडं कमी निघालं की कुणाची चूक ते कागद दाखवून सिद्ध करायचं. तू हे सगळं करून बसलायस आणि लिहिणार काय, तर 'हॉबी – गेमिंग'?

सगळ्यांच्या पानावर असं काही निघेलच असं नाही. दिवसभराचा शीण घालवायला तासभर खेळतो, एवढंच असेल तर तेही ठीक आहे. मग ती ओळ लिहू नका, एवढंच. खेळाचा आनंद खरा असला तरी त्यावर बोलण्यासारखं काही असायलाच पाहिजे, अशी सक्ती थोडीच आहे.

ओळ कुठे आणि कशी लिहायची

बायोडाटा शेवटी इंग्रजीत करायचा असला तरी ओळ आधी मराठीत जमवा. मराठीत जी पोकळ वाटते ती इंग्रजीतही पोकळच असते, फक्त आपल्याला कळत नाही.

आम्ही त्याची स्पर्धा छंदातून उचलून 'इतर उपक्रम' या मथळ्याखाली नेली: 'मोबाइल गेमची ३ दिवसांची स्थानिक स्पर्धा भरवली, १६ संघ, ६४ खेळाडू, नियम मराठी आणि तेलुगूत, गुणतक्ता एक्सेलमध्ये.' संपलं. छंदात फक्त 'मोबाइल ई-स्पोर्ट्स, संघात चाल ठरवण्याचं काम.' त्यानं आधी लिहून आणलेल्या कागदावर होतं: 'गेमिंगमधून माझ्यात नेतृत्व, संघभावना आणि ताण सहन करण्याची क्षमता विकसित झाली.' ही ओळ मी काढायला लावली. एक तर ती त्याची नव्हती, कुठूनतरी उतरवलेली होती. आणि नेतृत्व आहे की नाही हे समोरच्यानं ठरवायचं असतं.

जे खरोखर कौशल्य आहे ते छंदात पुरून ठेवू नका. गोडो किंवा युनिटीमध्ये छोटा गेम बनवला असेल, ब्लेंडरमध्ये मॉडेल केलं असेल, तर ते 'प्रोजेक्ट'मध्ये जाईल. माइनक्राफ्टमध्ये रेडस्टोनची सर्किट जोडून आपोआप उघडणारी दारं केली असतील, तर डिप्लोमाच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं ते जरूर सांगावं. ती अँड, ऑर, नॉट गेटचीच गंमत आहे आणि शिकवणाऱ्या सरांना ती लगेच पटते.

आकडे द्या, पण योग्य. '३,००० तास खेळलो' हा आकडा तुमच्या विरोधात जातो. समोरचा मनातल्या मनात त्याला दिवसांनी भागतो. '१६ संघांत दुसरा' हा चांगला आकडा. नुसतं 'उपविजेता' लिहिलं तर दोनच संघ होते की काय, अशी शंका येते. गेममधल्या 'कॉन्करर' वगैरे पदव्या जशाच्या तशा टाकू नका, खेळ न खेळणाऱ्याला त्या पानपट्टीच्या पाटीसारख्या वाटतात. फार तर पुढे चार शब्दांत अर्थ द्या.

आता एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही आणि मी रोज बघतो: ईमेल आयडी. वरती पूर्ण नाव, अठ्ठ्याण्णव टक्के हजेरी, छंद वाचन, आणि ईमेलच्या जागी 'किलर', 'डेव्हिल', 'भाई', 'ऑफिशियल' असलं काहीतरी. नववीत गेमसाठी काढलेला आयडी तसाच नोकरीच्या अर्जावर जातो. पाच मिनिटांत नवा आयडी निघतो, स्वतःच्या नावाचा काढा. मग जुना बँकेत, कॉलेजात कुठे कुठे दिलाय ते आठवून तिथेही कळवा.

यूट्यूब चॅनेलची लिंक देणार असाल तर आधी तुमचेच शेवटचे पाच-सहा व्हिडिओ कान देऊन ऐका. खेळाच्या भरात तोंडातून काय काय जातं, ते बोलणाऱ्याला कळत नाही. एचआरच्या बाई हेडफोन न लावता लिंक उघडतात, त्यांच्या टेबलाशेजारी अजून दोघं बसलेले असतात. शिव्या असतील तर व्हिडिओ खासगी करा किंवा लिंक गाळा.

जागा कुठली, त्यावर ठरवा

आयटी सपोर्ट, सॉफ्टवेअर टेस्टिंग, ॲनिमेशन, डिझाइन, कॉल सेंटर इथे गेमिंगला भुवया उंचावत नाहीत. टेस्टिंगला तर 'हा बग असा असा येतो, या पायरीनंतर येतो' असं नीट लिहून गेम कंपनीला कळवलेलं असेल, तर तेच तुमचं काम आहे. शिक्षकाच्या जागेला जपून. पालकांचा निम्मा वैताग मोबाइलवरच असतो, आणि संस्थाचालकही पालकच असतात.

एसएसबीला जाणाऱ्यांनी लक्ष द्या, आपल्या जिल्ह्यातून बरीच मुलं जातात. तिथल्या पीआयक्यू, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या फॉर्ममध्ये खेळ आणि छंद असे वेगळे रकाने असतात. खेळाच्या रकान्यात मैदानी खेळच लिहा, कबड्डी, व्हॉलीबॉल, धावणं, जे खरं असेल ते. तिथे बीजीएमआय घालून 'हापण खेळच आहे' असा वाद त्या टेबलावर घालू नका. पाच दिवसांत ग्राउंडवर तुमचा दम दिसतोच.

कारखान्यातली गंमत सांगतो. लूमच्या विभागात पाळीसाठी मुलाखत चालू होती. साहेबांनी विचारलं, 'रात्रपाळी जमेल का?' मुलगा उत्साहात म्हणाला, 'साहेब, मी तसाही रोज तीनपर्यंत जागाच असतो.' साहेब हसले, मला म्हणाले, 'लिही, रात्रपाळी चालेल.' आणि मग त्याच्याकडे वळून, 'आणि सकाळच्या पाळीला झोपा काढशील ना?' त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. घेतला त्याला, पण शेरा फाइलला लागला.

दुसऱ्या प्रश्नाची तयारी

पहिला प्रश्न सोपा असतो: 'कुठला गेम खेळता?' माणूस पडतो तो दुसऱ्यावर. माझंच सांगतो. २००५ साल. नवी पेठेत एका सायबर कॅफेत आम्ही पाच जण लॅनवर काउंटर स्ट्राइक खेळायचो, तासाला १५ रुपये, वडिलांकडून झेरॉक्सच्या नावाखाली घेतलेले. (पुढे आयुष्यभर झेरॉक्सच काढावी लागली, तो भाग निराळा.) पुण्यात एका कंपनीत मुलाखत होती. बायोडाटात मी ऐटीत 'व्हिडिओ गेम्स' लिहिलं होतं. समोरचा माणूस स्वतः खेळणारा निघाला, एकदम खूश झाला. विचारलं, 'पाच जणांत तुझं काम काय असायचं?' मी म्हटलं, 'शूट करायचं.' तो वाट बघत राहिला. मला पुढे काहीच सुचेना. पाच वर्षं खेळत होतो, पण आपण संघात नेमकं काय करतो याचा कधी विचारच केला नव्हता. त्याचा चेहरा उतरलेला मला आजही दिसतो. हुतात्मा एक्स्प्रेसनं परत येताना कुर्डुवाडीपर्यंत मी उत्तरं जुळवत होतो.

म्हणून पुढचे प्रश्न घरी मोठ्यानं बोलून बघा.

'किती वेळ खेळता?' खरं सांगा, पण वेळेला कुंपण आहे हे दिसू द्या. 'रोज रात्री तासभर, परीक्षेच्या महिन्यात ॲप काढून टाकतो.' हे खरं नसेल तर आधी खरं करा, मग सांगा.

'व्यसन नाही ना?' हा प्रश्न चिडवायला विचारलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार २०२२ पासून अधिकृतपणे आहे. त्यात किती तास खेळता यापेक्षा खेळावर ताबा राहिलाय का, आणि त्यापायी बाकीचं आयुष्य मागे पडतंय का, हे पाहिलं जातं. शांतपणे सांगा की कॉलेज, घरचं काम, झोप यांत खंड पडलेला नाही. 'छे छे, अजिबात नाही' असं झटक्यात म्हटलं की संशय वाढतो.

'पैसे किती घातलेत त्यात?' हिशेबाच्या जागेसाठी हा हटकून येतो. एकदा बंदुकीच्या रंगासाठी ३०० रुपये घातले असतील तर तसं सांगा. चालतं.

'हा काय खेळ आहे का?' इथे ठसकण्यात अर्थ नाही. दोन वाक्यं पुरे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनी खेळ म्हणून होते, तिथे भारताच्या तीर्थ मेहतानं कांस्य मिळवलं. २०२३ मध्ये हांगझोऊला ते पदकांच्या खेळांत आले. मग हसून म्हणा, 'पण संध्याकाळी मैदानावरही जातो,' जात असाल तर.

'मला समजेल असं सांग.' हा माझा आवडता. समोरचा पन्नाशीचा, मोबाइलवर फक्त व्हॉट्सॲप बघणारा. त्या मुलानं पहिल्यांदा समजावलं ते लूट, झोन, रोटेशन, थर्ड पार्टी अशा शब्दांत, माझ्याच डोक्यावरून गेलं. मी म्हटलं, गड्ड्यावरून सांग. त्यानं विचार केला आणि म्हणाला, 'समजा काका, होम मैदानावर शंभर जण सोडलेत, चौघाचौघांच्या टोळ्या. आणि मैदानाभोवतीची दोरी कुणीतरी दर थोड्या वेळानं आत ओढतंय. दोरीच्या बाहेर राहिला तो बाद, आत एकमेकांशी गाठ पडली तर लढायचं. आपल्या चौघांनी दोरी यायच्या आधी कुठं जाऊन उभं राहायचं, ते मी ठरवतो.' एवढं माझ्या आईलाही कळलं असतं. तुम्हीही घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सांगून बघा. त्यांना कळलं तर मालकाला कळेल.

'यातून काय शिकलास?' याला यादी देऊ नका, प्रसंग सांगा. चुलतभाऊ दोन आठवडे बोलला नाही, तरी सामना पुन्हा घेतला नाही, ही गोष्ट त्यानं सांगावी असं आम्ही ठरवलं.

आणि संशोधनाचे दाखले फेकू नका. बऱ्याच मुलांनी कुठेतरी वाचलेलं असतं की गेम खेळणारे सर्जन कमी चुका करतात. अभ्यास खरा आहे, २००७ चा, अमेरिकेतला. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त खेळलेल्यांच्या चुका दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी झाल्या. पण त्यात ३३ सर्जन होते, आणि तुम्ही आलाय स्टोअर कीपरच्या जागेला. साहेब म्हणतील, मग डॉक्टर का नाही झालास.

परदेशी अर्ज असेल तर

अमेरिकेत पदवीसाठी जाणाऱ्यांना बऱ्याच विद्यापीठांसाठी कॉमन ॲप हा सामायिक अर्ज भरता येतो. त्यात दहापर्यंत उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, स्पेस धरून. म्हणजे माझ्या दुकानाच्या पाटीपेक्षा जरा जास्त. तिथे गेमिंग चालतं, लपवायचं कारण नाही, पण वर सांगितलेलं क्रियापदांचं पान इथे जास्तच लागतं, कारण शोभेला जागाच उरत नाही. आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे हेही त्यातच विचारतात. तिथे आठवड्याला ४० तास लिहिलेत तर शाळा कधी केलीत, हा प्रश्न आलाच.

ब्रिटनच्या विद्यापीठ प्रवेशाच्या यूकॅस अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून एका लांब निबंधाऐवजी तीन प्रश्न आलेत, मिळून ४,००० अक्षरं. तिसरा प्रश्न वर्गाबाहेर काय केलंत याचा आहे, गेमिंग आलंच तर त्यात. कॉम्प्युटर किंवा गेम डिझाइनला जाणाऱ्यानं 'मला गेम आवडतात' ने सुरुवात करू नये, त्या रांगेतल्या सगळ्यांनाच आवडतात. एखाद्या गेममधली एक गोष्ट धरा, जशी की अमुक टप्प्यावर खेळाडू कंटाळून सोडून का देतात, आणि ती तुम्ही कशी बदलली असती ते लिहा. डिझाइनच्या पोर्टफोलिओत कच्ची रेखाटनंही ठेवा.

पाठवण्याआधी

पीडीएफ करून पाठवा, वर्डची फाइल समोरच्याच्या मोबाइलवर विस्कटते. फाइलला स्वतःचं नाव द्या. 'बायोडाटा नवीन फायनल २' या नावाच्या फाइली माझ्याच कॉम्प्युटरवर चाळीसेक असतील, त्यांतली तुमची कुठली ते मलाही सांगता येणार नाही. अर्जासोबत गेलेल्या प्रतीची एक प्रिंट जवळ ठेवा. तुम्ही काय लिहिलंय ते मुलाखतीच्या सकाळी पुन्हा वाचायचं असतं.

त्या मुलानं दोन प्रती काढल्या, एक कंपनीसाठी आणि एक बाबांना दाखवायला. मुलाखत झाल्यावर पेढ्याऐवजी फोन आला. म्हणाला, 'काका, गेमचं कुणी विचारलंच नाही. टू-व्हीलर आहे का, रोज चिंचोळीला वेळेवर येशील का, एवढंच. उठताना एकजण म्हणाला, या चादरी कुणाच्या दुकानातनं घेतल्या होत्या रे?' चादरींचं आम्ही बायोडाटात लिहिलंच नव्हतं. मी विचारलं, मग त्याला कसं कळलं? तर म्हणाला, 'त्याचा पुतण्या बाद झालेल्या संघात होता.' निकाल अजून कळलेला नाही.